मोहेंजोदडो शोधून काढणाऱ्या राखालदास बॅनर्जींचं नाव मागे का पडलं?

मोहेंजोदडोचं नाव शाळेत सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण ते शहर जमिनीखाली आहे हे ओळखणाऱ्या माणसाचं ऑफिस पुण्यात होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

राखालदास बॅनर्जी मूळचे बंगालचे. १८८५ साली मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या बहरामपूरला जन्म, शिक्षण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. जुनी नाणी आणि शिलालेख वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. फावल्या वेळात ते बंगालीत ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहायचे. पुरातत्त्व खात्यात आले आणि १९१७ मध्ये पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून पुण्यात दाखल झाले.

सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे तिथली सगळी टेकाडं पुण्याच्या ऑफिसच्या अखत्यारीत. लारकाना जिल्ह्यातलं मोहेंजोदडो हे त्यातलंच एक. वर एक पडका बौद्ध स्तूप आणि आजूबाजूला विटांचा खच.

गंमत म्हणजे बॅनर्जींच्या आधी एक मराठी माणूस तिथे जाऊन आला होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर यांनी १९११-१२ मध्ये ही जागा पाहिली. विटा इतक्या नव्यासारख्या दिसत होत्या, की हे गाव जेमतेम दोनशे वर्षांचं असावं असा अहवाल त्यांनी दिला. त्यांना हसण्यात अर्थ नाही. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणी एकाच मापाच्या, पक्क्या भाजलेल्या विटा पाडत असेल, अशी कल्पना तेव्हा कुणीच केली नव्हती.

बॅनर्जींना मात्र शंका आली. १९२२-२३ च्या हिवाळ्यात त्यांनी खोदकाम सुरू केलं आणि स्तूपाच्या आसपास, खालच्या थरांत त्यांना कोरीव मुद्रा मिळाल्या. त्यावरची लिपी ओळखीची नव्हती, पण तशीच मुद्रा शेकडो किलोमीटर दूर पंजाबातल्या हडप्प्याला सापडलेली त्यांना ठाऊक होती. हडप्प्यात १९२१ पासून दयाराम साहनी खोदत होते. एवढ्या अंतरावरच्या दोन ठिकाणी एकच लिपी सापडते, म्हणजे ही दोन सुटी गावं नव्हेत, एकाच संस्कृतीची शहरं आहेत.

पुढच्या खोदकामात काटकोनात छेदणारे रस्ते, झाकलेली गटारं, घरोघरी न्हाणीघरं असं सगळं बाहेर आलं. इजिप्तमध्ये पिरॅमिड आहेत, मेसोपोटेमियात राजांच्या कबरी. इथे मात्र राजवाडा म्हणून ठामपणे बोट दाखवता येईल अशी इमारत आजवर मिळालेली नाही. मग एवढं शहर चालवत कोण होतं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

जगाला ही बातमी सांगितली ती खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी, २० सप्टेंबर १९२४ रोजी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातून. काही दिवसांतच मेसोपोटेमियाच्या जाणकारांनी कळवलं, की अशा मुद्रा तिकडेही सापडल्या आहेत. भारताचा इतिहास एका झटक्यात दोनेक हजार वर्षं मागे गेला.

बॅनर्जींचे दिवस मात्र फिरले. त्यांची बदली पूर्व विभागात झाली. जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या मंदिरातली मूर्ती चोरल्याचा आळ आला. कोर्टात तो टिकला नाही, पण नोकरी गेली ती गेलीच. १९२८ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाने प्राध्यापकपद दिलं. ते दोनच वर्षं लाभलं. मे १९३० मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, ते गेले.

पुढच्याच वर्षी मार्शल यांचा मोहेंजोदडोवरचा तीन खंडांचा ग्रंथ आला आणि जगभर तोच वाचला गेला. बॅनर्जींनी लिहिलेला उत्खननाचा अहवाल छापून निघायला १९८४ साल उजाडलं.