न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

गुलबर्ग्याच्या न्यायालयात पूर्वी अनेक भाषांचा मेळ असे. फिर्यादी कन्नडमधून गाऱ्हाणे मांडी, साक्षीदार मराठीतून वा तेलुगूतून उत्तर देई आणि जबानी मात्र उर्दूत उतरवली जाई. निजामाच्या राज्यात 1884 च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली होती. खेड्यातून आलेल्या कुळाला स्वतःच्या दाव्याचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. वकील हा त्याच्या दृष्टीने जितका कायद्याचा जाणकार, तितकाच दुभाषी. अशा या शहरात केशवराव कोरटकरांनी आपल्या वकिलीचा पाया घातला.

त्यांचा जन्म 1867 साली वसमत तालुक्यातील पुरजळ या गावी झाला. हा तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता, आज तो हिंगोली जिल्ह्यात आहे. पुरजळसारख्या गावात वाढलेल्या मराठी मुलाला वकील व्हायचे तर परभाषेतील कायदा आत्मसात करण्यावाचून गत्यंतर नव्हते. केशवरावांनी ती भाषा आपलीशी केली. गुलबर्ग्यात जम बसल्यावर ते राजधानीत गेले, तेथील नामांकित वकिलांत गणले जाऊ लागले आणि अखेरीस हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मोगलाईतील मराठी माणसाने या आसनापर्यंत पोहोचावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मात्र केवळ या पदासाठी त्यांचे स्मरण ठेवले गेले असते असे वाटत नाही. हैदराबादेत आर्य समाजाची स्थापना 1892 साली झाली. केशवराव त्याचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. 1907 साली वामनराव नाईक आदी सहकाऱ्यांसह त्यांनी विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी केली. त्याच वर्षी गुलबर्ग्यात नूतन विद्यालय सुरू झाले, हा योगायोग सीमाभागातील वाचकांना मुद्दाम सांगावासा वाटतो. सरकारी शिक्षणाचा कल उर्दूकडे असताना मुलांना मातृभाषेत शिकता यावे, ही तळमळ या दोन्ही ठिकाणी एकच होती.

येथे त्यांच्या आयुष्यातला खरा पेच दिसतो. ज्या दरबाराकडून मान मिळाला, त्याच दरबाराला खासगी शाळा, सभा आणि संघटना संशयास्पद वाटत. 1921 साली राजकीय सभांवर फर्मानाने बंधन आले, तर 1929 साली गश्ती निशाण 53 या आदेशाने सभाबंदीचा फास आणखी आवळला. त्यामुळे संस्थानातील राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरवाव्या लागल्या : 1923 साली काकीनाड्यास, पुढे मुंबई, पुणे, अकोला येथे. केशवरावांच्या पिढीने उघड संघर्षाऐवजी शाळा, समाजसुधारणा आणि कायद्याची चौकट ही साधने निवडली. पुढच्या, अधिक तापलेल्या पिढीला हा मार्ग मवाळ वाटला. पण ज्या राज्यात सभा घेण्यासही परवाना लागे, तेथे चालती शाळा हेदेखील एक धाडसच होते.

त्या काळाची एक उणीवही नोंदवली पाहिजे. 1921 च्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली असता एक वक्ते तेलुगूत बोलू लागताच त्यांची हेटाळणी झाली. त्या अपमानातून आंध्र जनसंघ जन्मला. आपल्या भाषेसाठी झगडणाऱ्यांच्याच घरी दुसऱ्या भाषेचा उपमर्द व्हावा, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. कन्नडच्या मांडीला मांडी लावून राहणाऱ्या बीदर-गुलबर्ग्याच्या मराठी माणसाने तर नाहीच.

केशवरावांनी आपला मुलगा विनायकराव याला निजामाच्या विद्यालयांऐवजी हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात धाडले. तेथील विद्यालंकार ही पदवी पुढे विनायकरावांचे आडनावच होऊन बसली. वडिलांप्रमाणे तेही कायद्याकडे वळले, बॅरिस्टर झाले आणि पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळते झाले.

ते दिवस पाहण्यास केशवराव नव्हते. 1932 साली त्यांचे निधन झाले. आठ वर्षांनी, 1940 साली, हैदराबादच्या नारायणगुड्यात त्यांच्या नावाने केशव स्मारक विद्यालय सुरू झाले. 1956 साली राज्यपुनर्रचनेत त्यांचे जन्मगाव मुंबई राज्यात, वकिलीचे पहिले शहर म्हैसूर राज्यात आणि ही शाळा आंध्र प्रदेशात गेली.