हवा तोलणारा शास्त्रज्ञ

बशीतल्या पाण्यात मेणबत्ती लावून तिच्यावर आपण शाळेत पेला पालथा घालत असू. पाणी चढले की ‘प्राणवायू संपला’ असे लिहीत असू. पण हवा निवल्यानेही पाणी चढते, हे आपल्याला पुढे कळले.

पक्का पुरावा दिला पॅरिसच्या आंत्वान लाव्हाझिए (१७४३–१७९४) यांनी. त्यांनी बंद भांड्यात पारा बारा दिवस तापवला. सुमारे एक-षष्ठांश हवा घटली, उरलेलीत मेणबत्ती विझली. पाऱ्यावरची तांबडी पूड आणखी तापवून त्यांनी घटलेला वायू परत मिळवला. तो मिसळताच पुन्हा साधी हवा झाली.

पत्नी मारी-आन यांनी त्यांच्या ग्रंथासाठी उपकरणांची चित्रे काढली. करवसुलीच्या मक्त्यातून प्रयोगांना पैसा मिळे. त्याच मक्त्यापायी राज्यक्रांतीत, ८ मे १७९४ रोजी, त्यांचा शिरच्छेद झाला.

मुलांना मेणबत्तीचा प्रयोग दाखवताना आपण हेही सांगू या.