स्वेन येरिंग : स्वीडनचा आपुलकीचा आवाज

स्वीडनच्या नभोवाणीचा पहिला लोकप्रिय आवाज म्हणजे स्वेन येरिंग. त्यांचा जन्म ८ डिसेंबर १८९५ रोजी माल्मो येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव यॉन्सन होते.

१ जानेवारी १९२५ रोजी स्वीडनच्या राष्ट्रीय नभोवाणीचे प्रसारण सुरू झाले आणि येरिंग तिचे निवेदक झाले. त्याच वर्षी ९० किलोमीटरच्या वासालोपेट या स्की शर्यतीचा वृत्तान्त त्यांनी श्रोत्यांपर्यंत पोहोचविला.

४ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन ऑलिंपिकमध्ये २-० अशी आघाडी घेऊनही स्वीडनचा फुटबॉल संघ जपानकडून ३-२ असा पराभूत झाला. सामन्याचे धावते समालोचन करणाऱ्या येरिंग यांना शब्द सुचेनासे झाले. ते केवळ जपानी खेळाडूंचा पुनःपुन्हा उल्लेख करीत राहिले. एरवी उणीव ठरावी अशी ही बाब होती. मात्र पराभवाचा धक्का श्रोत्यांनी त्यांच्यासोबतच अनुभवला आणि ते समालोचन अजरामर झाले.

नभोवाणी हे एकतर्फी माध्यम. येरिंग यांनी मात्र श्रोत्यांनाच बोलते केले. 'मुलांची पत्रपेटी' या कार्यक्रमात ते बालश्रोत्यांची पत्रे वाचत, मुलांना ध्वनिक्षेपकासमोर आणत. दूरचित्रवाणीच्या आगमनानंतरही हा कार्यक्रम टिकला. १९२५ ते १९७२ या काळात त्याचे १,७८५ भाग प्रसारित झाले आणि येरिंग पिढ्यान्‌पिढ्यांचे 'स्वेन काका' बनले.

२७ एप्रिल १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने क्रीडा पुरस्कार सुरू झाला. त्याचा मानकरी निवडण्याचा अधिकार श्रोत्यांकडेच आहे.