ह्यूबर्ट ईटन

ह्यूबर्ट ईटन (जन्म : ३ जून १८८१, लिबर्टी, मिसूरी, मृत्यू : २० सप्टेंबर १९६६, कॅलिफोर्निया) हे अमेरिकेतील दफनभूमी व्यवसायाचे स्वरूप पालटणारे उद्योजक होते. लॉस एंजेलिसजवळील ग्लेनडेल येथील फॉरेस्ट लॉन या दफनभूमीचे सर्वेसर्वा म्हणून ते ओळखले जातात. उभ्या समाधीशिळांऐवजी विस्तीर्ण हिरवळ, पुतळे, कारंजी आणि लहान चर्चे असलेले ‘स्मृती-उद्यान’ ही कल्पना त्यांनी रूढ केली आणि पुढे तिचे अनुकरण अमेरिकाभर झाले. स्वतःसाठी त्यांनी ‘बिल्डर’ म्हणजे बांधणारा हे बिरूद वापरले व संस्थेच्या साहित्यात त्यांचा उल्लेख बहुधा याच नावाने होत असे. फॉरेस्ट लॉनची स्थापना मात्र त्यांनी केलेली नाही. ती त्यांच्या आगमनापूर्वीच, १९०६ मध्ये झाली होती.

पूर्वायुष्य

ईटन यांचे घराणे बॅप्टिस्ट पंथाचे होते. लिबर्टी येथील विल्यम ज्यूएल महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. रसायनशास्त्राचा अभ्यास करून ते खाणव्यवसायात शिरले. मोंटाना राज्यात धातुपरीक्षणाचे काम केल्यानंतर त्यांनी नेवाडामध्ये स्वतःची खाण चालविण्याचा प्रयत्न केला. परंतु खनिजाची शीर संपली आणि त्यात गुंतविलेला पैसाही बुडाला. या अपयशानंतर ते दफनभूमीतील जागांच्या विक्रीकडे वळले. मृत्यू घडण्यापूर्वीच, घरातील सर्वजण हयात असताना जागा विकण्याची पद्धत तेव्हा नवीन होती. शोकाकुल कुटुंबाला घाईने निर्णय घ्यावा लागू नये, हे तिचे समर्थन होते. विक्रेत्याच्या दृष्टीने तिचा लाभ अधिक उघड होता, कारण त्यामुळे ग्राहकांची संख्या मृतांच्या संख्येपुरती मर्यादित राहत नव्हती.

१९१२ मध्ये ईटन याच विक्रीच्या कामासाठी फॉरेस्ट लॉनमध्ये आले. ट्रॉपिको या वस्तीतील (ही वस्ती पुढे ग्लेनडेल शहरात विलीन झाली) ती एक सामान्य, काहीशी उजाड दफनभूमी होती. विक्रीत यश मिळाल्यावर १९१७ मध्ये तिचे व्यवस्थापन त्यांच्या हाती आले.

स्मृती-उद्यानाची कल्पना

१९१७ च्या नववर्षदिनी एका टेकडीवर उभे राहून त्या भूमीकडे पाहत असताना आपल्याला भावी उद्यानाचे दर्शन घडले, असे ईटन सांगत. त्या संकल्पाचे निवेदन पुढे मोठ्या शिळेवर कोरण्यात आले. मृत्यूनंतर सुखी जीवन आहे यावर आपला विश्वास असल्याने दफनभूमी उदास असण्याचे कारण नाही. ती प्रेमिकांनी फिरावे, मुलांनी शिकावे, चित्रकारांनी रेखाटने करावीत अशी असावी, असा त्याचा आशय आहे.

या विचारातून त्यांनी उभे दगड, क्रूस व स्तंभ यांना मज्जाव केला आणि जमिनीच्या पातळीत बसविलेल्या सपाट पट्ट्यांचा आग्रह धरला. त्यामुळे दूरवरून पाहिल्यास थडगी दिसतच नाहीत, केवळ गवताचा उतार दिसतो. गवत कापण्याचे यंत्र सलग फिरविता येत असल्याने देखभालीचा खर्चही कमी होतो. ईटन यांच्या बहुतेक निर्णयांत श्रद्धा आणि हिशेब असे हातात हात घालून येतात. विक्रीच्या किमतीचा काही भाग कायमस्वरूपी देखभालीच्या निधीत ठेवण्याची व्यवस्थाही त्यांनी केली.

१९३० च्या दशकात त्यांनी उद्यानाच्या आवारातच अंत्यविधीगृह सुरू केले. तोपर्यंत मृतदेहाची तयारी, शवपेटी आणि प्रार्थना ही कामे शहरातील अंत्यविधी व्यावसायिकांकडे असत व दफनभूमीकडे केवळ जमीन असे. या व्यावसायिकांनी अर्थातच कडाडून विरोध केला. मात्र ईटन यांनी माघार घेतली नाही. मृत्यूनंतरची सर्व कामे एकाच ठिकाणी होऊ लागली, तसेच सर्व उत्पन्नही एकाच ठिकाणी जमा होऊ लागले.

चर्चे आणि कलासंग्रह

ईटन यांनी उद्यानात ब्रिटनमधील जुन्या ग्रामीण चर्चांच्या धर्तीवर चर्चे बांधली. ‘लिटल चर्च ऑफ द फ्लॉवर्स’ (१९१८) हे कवी टॉमस ग्रे यांच्याशी निगडित स्टोक पोजेस येथील चर्चवरून, तर ‘वी कर्क ओ द हेदर’ (१९२९) हे स्कॉटलंडमधील एका चर्चवरून बेतलेले आहे. या चर्चांत अंत्यविधींबरोबर विवाहही होऊ लागले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले अभिनेते रोनाल्ड रेगन आणि अभिनेत्री जेन वायमन यांचा विवाह १९४० मध्ये वी कर्क येथे झाला. दफनभूमीत विवाह ही गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना चमत्कारिक वाटे. ईटन यांना मात्र त्यात आपल्या कल्पनेची सिद्धी दिसत होती.

कलाकृती जमविण्यासाठी ते इटलीत वारंवार गेले. मायकेलअँजेलोच्या शिल्पांच्या प्रतिकृती त्यांनी करारा येथील संगमरवरात करवून घेतल्या. त्यांतील डेव्हिडचा पुतळा १९७१ आणि १९९४ च्या भूकंपांत कोसळला व दोन्ही वेळा नव्याने उभारण्यात आला. लिओनार्दो दा विंचीच्या ‘लास्ट सपर’ या चित्राची रंगीत काचेतील प्रतिकृती पेरूजा येथील रोझा कासेली-मोरेत्ती यांनी घडविली. १९३१ पासून ती तेथील भव्य समाधिगृहात आहे. जूडासची काच भट्टीत पुनःपुन्हा तडकत होती, अशी आख्यायिका तिच्याविषयी सांगितली जाते.

यान स्टीका या पोलिश चित्रकाराच्या ‘क्रूसिफिक्शन’ या चित्राची हकीकत अधिक लक्षणीय आहे. सुमारे १९५ फूट लांब व ४५ फूट उंच असे हे चित्र १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनासाठी अमेरिकेत आणले गेले. त्यासाठी योग्य जागा मिळाली नाही आणि सीमाशुल्क न भरता आल्याने ते जप्त झाले. १९२५ मध्ये स्टीका यांचा मृत्यू झाला तेव्हाही ते त्यांना परत मिळालेले नव्हते. ईटन यांनी त्याचा माग काढला. शिकागोमध्ये ते एका खांबाभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत सापडले. चित्रकाराचे पुत्र आदाम स्टीका यांच्याकडून त्यांनी त्याची दुरुस्ती करवून घेतली, केवळ या एका चित्रासाठी टेकडीवर स्वतंत्र सभागृह बांधले आणि १९५१ मध्ये ते लोकांसाठी खुले केले. ख्रिस्ताची बहुतेक चित्रे दुःखी असतात याची ईटन यांना खंत होती. प्रसन्नवदन ख्रिस्ताचे चित्र मिळविण्यासाठी त्यांनी बक्षीसही जाहीर केले होते.

ख्यातनाम व्यक्तींची थडगी

हॉलिवूड जवळ असल्याने चित्रपटसृष्टीतील अनेकांचे दफन येथे झाले. ईटन यांच्या हयातीत लॉन चेनी, जीन हार्लो, कॅरोल लोंबार्ड, हंफ्री बोगार्ट, एरॉल फ्लिन आणि क्लार्क गेबल यांना येथे चिरविश्रांती देण्यात आली. गेबल यांचे दफन लोंबार्ड यांच्या शेजारी झाले. नंतरच्या काळात वॉल्ट डिझ्नी, मेरी पिकफर्ड, मायकेल जॅक्सन आणि एलिझाबेथ टेलर यांची भर पडली. थडगी पाहण्यासाठी येणाऱ्यांना उद्यानाचे कर्मचारी सहसा जागा दाखवीत नाहीत, आणि सपाट पट्ट्यांमुळे ती शोधणेही कठीण जाते. शिवाय समाधिगृहाचे काही भाग लोकांसाठी बंद असतात.

टीका

ब्रिटिश कादंबरीकार ईव्हलिन वॉ १९४७ मध्ये कॅलिफोर्नियात आले असता फॉरेस्ट लॉन पाहून चकित झाले आणि त्यावरून त्यांनी ‘द लव्ह्ड वन’ (१९४८) ही उपरोधिक कादंबरी लिहिली. तिच्यातील ‘व्हिस्परिंग ग्लेड्स’ हे उद्यान आणि त्याचा स्वप्नदर्शी संस्थापक यांचे मूळ कोणाला ओळखता आले नाही असे घडले नाही. १९६५ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. जेसिका मिटफर्ड यांच्या ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ (१९६३) या पुस्तकातील टीका अधिक रोखठोक होती. विक्रीचे तंत्र, किमती, तसेच ना-नफा संस्था आणि तिच्याशी संबंधित नफ्याच्या कंपन्या यांचे गुंतागुंतीचे नाते त्यांनी उलगडून दाखविले. ईटन यांचे गौरवपर चरित्र एडेला रॉजर्स सेंट जॉन्स यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले होते.

सर्वांत गंभीर आक्षेप वर्णभेदाचा आहे. सर्वांसाठी आनंदाचे स्थान म्हणून जाहिरात होत असलेल्या या उद्यानात कृष्णवर्णीयांच्या दफनास दीर्घकाळ मज्जाव होता. त्या काळी अमेरिकेतील अनेक दफनभूमींत असेच निर्बंध होते. मात्र शिळेवर कोरलेल्या संकल्पाशी ही गोष्ट विसंगत होती. गायक नॅट किंग कोल यांचे दफन येथे १९६५ मध्ये, म्हणजे ईटन यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी झाले.

अखेरचा काळ

ईटन यांच्या कारकिर्दीतच संस्थेने ग्लेनडेलबाहेर, हॉलिवूड हिल्स येथे आणि अन्यत्र उद्याने काढली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन फॉरेस्ट लॉनमध्येच करण्यात आले. त्यांच्यानंतर संस्थेची सूत्रे त्यांचे भाचे फ्रेडरिक लेवेलिन यांच्याकडे गेली.