मेरी वुलस्टनक्राफ्ट

मुलांनो, तत्त्वज्ञान म्हटले की आमच्यासारख्या अभियंत्यांना जरा धडकीच भरते. कॉलेजात आम्ही गणित शिकलो, यंत्रे शिकलो, पुढे संगणकात रमलो. रूसो, कान्ट ही नावे नुसती ऐकलेली. या हिवाळ्यात मात्र आम्ही अठराव्या शतकातील युरोपच्या विचारवंतांविषयी वाचायला घेतले. वाडवडील सांगतात म्हणून नव्हे, तर बुद्धीला पटेल म्हणूनच एखादी गोष्ट मानायची, असा त्यांचा बाणा. राजा, धर्मगुरू, कायदे, शिक्षा, सारे त्यांनी तपासले. पण नवरा-बायकोच्या नात्याशी आल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा हा बाणा गळून पडतो. ज्या बाईने त्यांना तिथे अडवले, तिचे चरित्र आज सांगतो.

मेरीचा जन्म २७ एप्रिल १७५९ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात झाला. आजोबांनी रेशीम विणण्याच्या धंद्यात चांगला पैसा कमावला होता. त्यांच्या इस्टेटीत थोरल्या नातवाला वाटा मिळाला, मेरीला काहीच नाही. वडिलांनी त्यांच्याकडे आलेला पैसा शेतीच्या एकामागून एक फसलेल्या उद्योगांत घालवला. ते दारू पीत आणि आईला मारीत. छोटी मेरी कधीकधी रात्रभर आईच्या खोलीच्या दाराबाहेर पडून राही; वडील आलेच तर मध्ये पडता यावे म्हणून.

पुढे धाकटी बहीण एलायझा हिचे लग्न झाले, मूल झाले आणि तिची मनःस्थिती फार बिघडली. नवऱ्याच्या घरी ती सुखी नाही असे मेरीचे मत झाले. जानेवारी १७८४ मध्ये तिने बहिणीला चोरून घराबाहेर काढले. माग लागू नये म्हणून वाटेत घोडागाडी बदलली. गाडीत एलायझाने लग्नाची अंगठी दातांनी चावून तिचे तुकडे केले. बाळ मात्र मागेच राहिले, कारण इंग्लंडच्या कायद्याने मुलावर हक्क बापाचा. त्याच वर्षी ते बाळ वारले. लग्न झाले की बाईची मिळकत आणि कमाई नवऱ्याची होई, आणि पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर संसदेत खास कायदा मंजूर करून घ्यावा लागे. मेरीने लग्नाविषयी पुढे जे लिहिले, त्यामागे हे सारे डोळ्यांनी पाहिलेले होते.

बहिणी आणि मैत्रीण फॅनी ब्लड यांच्यासह तिने न्यूइंग्टन ग्रीन येथे मुलींची शाळा चालवली. ती बंद पडली. मग आयर्लंडमध्ये एका उमराव घराण्यात शिक्षिकेची नोकरी केली, तीही सुटली. १७८७ साली लंडनला परतून तिने ठरवले, लेखणीवर पोट भरायचे. जोसेफ जॉन्सन या प्रकाशकाने तिला भाषांतराचे आणि परीक्षणांचे काम दिले.

आता रूसो. त्याचे ‘एमिल’ हे पुस्तक १७६२ साली निघाले. मुलाला घोकंपट्टी नको, निसर्गातून शिकू द्या, असे त्यात आहे. तुम्हाला ते नक्की आवडेल! पण शेवटच्या भागात एमिलची भावी बायको सोफी येते. तिचे शिक्षण कशासाठी? पुरुषाला आवडावे, त्याच्या उपयोगी पडावे, यासाठी. (मुलांच्या संगोपनावर एवढे लिहिणाऱ्या रूसोने स्वतःची पाचही मुले अनाथालयात पाठवली होती, हे वाचून आम्ही पुस्तक जरा वेळ मिटूनच ठेवले.) सगळेच असे नव्हते. फ्रान्समध्ये काँदॉर्से याने १७९० साली स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क मागितले होते.

मेरीचे ‘अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन’ १७९२ साली प्रसिद्ध झाले. प्रोग्राम चुकीचे उत्तर देतो तेव्हा आम्ही आधी त्यातली गृहीतके तपासतो. मेरीने नेमके तेच केले. बायका नटव्या आणि उथळ असतात, म्हणून त्यांना जास्त शिकवू नये, असे म्हणत. तिने कार्यकारणच उलटे करून दाखवले: शिकवत नाही म्हणून त्या तशा होतात. तिचा दाखला मजेदार आहे. लष्करातले अधिकारी बघा, म्हणते. त्यांनाही अर्धवट शिक्षण मिळते, आणि तेही कपडे आणि नाच यांतच रमतात. लग्नाविषयी तिचे म्हणणे असे, की ओढ काही काळाने ओसरते, टिकते ती मैत्री, आणि मैत्री बरोबरीच्या माणसांतच होते. पोटासाठी लग्न करावे लागू नये म्हणून बायकांनी वैद्यक शिकावे, शेती, दुकान सांभाळावे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलामुलींना, गरीब-श्रीमंत सर्वांना, एकाच शाळेत फुकट शिकवावे, अशीही तिची योजना होती.

तिचे स्वतःचे आयुष्य मात्र इतके सरळ गेले नाही. क्रांती पाहायला ती पॅरिसला गेली. तिथे गिल्बर्ट इम्ले या अमेरिकन माणसावर तिचे प्रेम बसले. लग्न न करताच त्याची पत्नी म्हणून तिची नोंद झाली, कारण इंग्रजांना तिथे अटक होत होती. १७९४ साली मुलगी झाली, फॅनी. इम्ले दुरावला. निराशेच्या भरात १७९५ साली तिने दोनदा जीव देण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ती वाचली. त्या दोहोंच्या मधल्या काळात तान्ही फॅनी आणि एक दाई यांना घेऊन ती स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क फिरून आली. त्या प्रवासाचे पुस्तक आम्हाला तिच्या सर्व लेखनात अधिक जवळचे वाटते.

नंतर विल्यम गॉडविन भेटला. लग्नसंस्थेवर त्याने आपल्या ग्रंथात कडक टीका केली होती. तरीही मूल होणार असे कळल्यावर २९ मार्च १७९७ रोजी दोघांनी सेंट पँक्रसच्या चर्चमध्ये लग्न केले. संसार एका घरात, आणि गॉडविनची लिहिण्याची खोली थोड्या अंतरावर दुसरीकडे. दिवसभर दोघांच्या चिठ्ठ्यांची ये-जा चाले. हे सुख पाच महिने टिकले. ३० ऑगस्टला मुलगी झाली आणि १० सप्टेंबरला बाळंतज्वराने मेरी गेली. वय ३८.

गॉडविनने १७९८ साली तिचे चरित्र लिहिले, काहीही न लपवता. लोक इतके चिडले, की तिचे नाव बरीच वर्षे कोणी आदराने घेईना. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने मिळाला.

धाकटी मुलगी म्हणजे ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणारी मेरी शेली. आईच्या थडग्यावरची अक्षरे गिरवत ती वाचायला शिकली, असे सांगतात. १८५१ साली अस्थी बोर्नमथला नेल्या, पण सेंट पँक्रस स्टेशनमागच्या जुन्या चर्चच्या आवारात तो चौकोनी दगड अजून उभा आहे.