न घाबरणारी नादिया

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे या लेखात शुद्धलेखन बरोबर असेल तर त्याचं श्रेय संपादकांना द्या! गेल्या वर्षी गॅदरिंगमध्ये मी एका टीमचे 79 गुण 'एकोणनव्वद' म्हणून जाहीर केले. हरलेली टीम स्टेजवर येऊन नाचायला लागली. तेव्हापासून लेडीज हॉस्टेलमध्ये माझं नावच 'एकोणनव्वद' पडलं, आणि मी मराठीत माइक हातात घेणं बंद केलं.

अशात एकदा मेसमधल्या आजी भाकरी थापता थापता जुन्या आठवणी सांगत होत्या. लहानपणी येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत तंबूतल्या सिनेमात त्यांनी एक गोरी बाई पाहिली होती. हातात हंटर, खाली घोडा आणि समोर मार खाणारे गडी. बोलणं फारसं कळलं नाही, पण बाई मात्र अजून आठवते, असं त्या म्हणाल्या. मी शोध घेतला. ती होती फिअरलेस नादिया.

तिचं खरं नाव मेरी इव्हान्स. जन्म 8 जानेवारी 1908, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. वडील ब्रिटिश सैन्यात होते. 1913 मध्ये कुटुंब मुंबईला आलं आणि दोनच वर्षांत वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. मेरी मुंबईत कॉन्व्हेंटमध्ये शिकली (हे वाचून मला फार बरं वाटलं). पुढे पेशावरकडे राहताना ती घोडेस्वारी आणि नेमबाजी शिकली. मुंबईत परत आल्यावर पोटासाठी तिने दुकानात सेल्सगर्लचं काम केलं, नाच शिकली, सर्कशीतही गेली. एका ज्योतिषिणीने नाव 'न' वरून घे म्हटलं, म्हणून ती नादिया झाली.

1934 च्या सुमारास ती वाडिया मूव्हिटोनच्या जेबीएच वाडियांना भेटली. त्यांनी सुचवलं, नंदादेवी नाव घे आणि काळ्या वेण्यांचा विग लाव. नोकरीची गरज असूनही तिने दोन्हीला नकार दिला. तिची हिंदी बेताची होती, उच्चार इंग्रजी वळणाचे. तरी तिने तीच हिंदी घोकली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. 1935 मध्ये 'हंटरवाली' आला. दुष्ट प्रधानाशी लढणारी ही मुखवटेधारी राजकन्या विकत घ्यायला एकही वितरक तयार नव्हता. वाडियांनी तो स्वतःच लावला आणि 25 आठवड्यांहून जास्त चालला. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती धावत्या ट्रेनच्या टपावर मारामारी करताना दिसली. स्टंट ती स्वतः करायची, डमी नाही.

मग जंगल आलं. वाडियांनी 1937 मध्येच 'तूफानी टारझन' काढून जंगलपटाची वाट पाडली होती. जगाला न सापडलेली टोळी, तिचा भयंकर देव, बळीची तयारी आणि ऐनवेळी सुटका, असा त्या काळच्या जंगलपटांचा ठरलेला मसाला! 1942 च्या 'जंगल प्रिन्सेस'मध्ये नादिया सिंहांबरोबर उभी राहिली. ते सिंह खरे होते. आपण व्हायवाला एक्स्टर्नल बघून गारठतो!

एक गोष्ट मात्र मला खटकते. अशा जंगलपटांत टोळीतल्या माणसांना नाव नसतं, धड भाषाही नसते. रंग फासून नुसतं ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. माझा एक आकडा चुकला तर मी वर्षभर गप्प बसले, इथे तर पूर्ण समाजाला कोणी बोलूच दिलं नाही. आपल्या जिल्ह्यातही पारधी वस्त्या आहेत. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यापासून अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला गेला. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण लोकांची नजर अजून पूर्ण बदललेली नाही. नादियाला पडद्यावर बोलायची संधी मिळाली, चुकायचीही मिळाली. ती सगळ्यांना मिळत नाही, हे तिच्यामुळेच मला कळलं.

तिचे बहुतेक सिनेमे दिग्दर्शित करणारे होमी वाडिया आणि ती कित्येक वर्षं एकमेकांवर प्रेम करत होते. घरच्या विरोधामुळे लग्न व्हायला 1961 साल उजाडलं. तेव्हा ती 53 वर्षांची होती. 9 जानेवारी 1996 रोजी, 88 वा वाढदिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती गेली.

मी आजींना मोबाइलवर तिचा 'डायमंड क्वीन' दाखवला. आजींनी लगेच ओळखलं. तिचे उच्चार कसे होते, हे त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं!

यंदाच्या गॅदरिंगला मी सूत्रसंचालनासाठी नाव दिलंय. 79 म्हणजे एकोणऐंशी, पाठ केलंय. तरी चुकले तर खुशाल हसा. मी माइक सोडणार नाही.