गेरहार्ड क्युंचर

गेरहार्ड क्युंचर (६ डिसेंबर, १९०० - १७ डिसेंबर, १९७२) हे जर्मन शल्यचिकित्सक होते. मोडलेल्या लांब हाडाच्या, विशेषतः मांडीच्या हाडाच्या, पोकळीत पोलादी खिळा बसवून ते सांधण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. मराठी बोलण्यात 'पायात रॉड टाकला' असे म्हटले जाते, ती शस्त्रक्रिया बहुतेक वेळा याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती असते.

जीवन

क्युंचर यांचा जन्म सॅक्सनीतील त्स्विकाउ या शहरी झाला. त्यांनी वुर्झबुर्ग, हाम्बुर्ग आणि येना येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. १९३० मध्ये ते बाल्टिक किनाऱ्यावरील कील येथील विद्यापीठाच्या शल्यचिकित्सा विभागात दाखल झाले. विल्हेल्म आन्श्युट्स हे तेथील प्रमुख होते. क्युंचर आजन्म अविवाहित राहिले.

खिळ्याची कल्पना

मांडीचे हाड शरीरातील सर्वांत लांब व बळकट हाड असले, तरी ते मोडल्यावर भोवतालचे दणकट स्नायू दोन्ही तुकड्यांना एकमेकांवर ओढतात आणि पाय आखूड होतो. त्या काळी यावर मुख्य उपाय होता तो वजन लावून पाय ताणून ठेवण्याचा. रुग्णाला दोन-तीन महिने अंथरुणाला खिळून राहावे लागे. हाड जुळले तरी गुडघा आखडे, स्नायू रोडावत आणि वृद्धांना न्यूमोनिया किंवा शय्याव्रण गाठत. कष्टकऱ्याच्या घरी एवढ्या काळात काय ओढवत असेल, हे वेगळे सांगायला नको.

हाडाच्या पोकळीत दांडी घालण्याचा विचार अगदी नवा नव्हता. ब्रिस्टल येथील हे ग्रोव्ह्ज यांनी पहिल्या महायुद्धातील जखमींवर असे प्रयत्न केले होते. परंतु जंतुसंसर्गामुळे ते सोडून द्यावे लागले. पुढे बॉस्टनचे स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याजवळ मोडलेल्या हाडासाठी तीन पाखांचा खिळा रूढ केला. जे हाडाच्या मानेला जमले, ते दांड्याला का जमू नये, हा क्युंचर यांचा प्रश्न होता.

त्यांच्या उत्तरात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली खिळ्याच्या घडणीची. कीलमधील कसबी उपकरणकार अर्न्स्ट पोल यांच्या मदतीने त्यांनी न गंजणाऱ्या पोलादाचा, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या छेदाचा खिळा घडवला. आत शिरताना तो किंचित दबतो आणि आत गेल्यावर फाकून पोकळीच्या भिंतींना धरून राहतो. पुढे या छेदाला तिपानी आकार देण्यात आला. दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती. मोडलेली जागा उघडायचीच नाही. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत तुकडे बाहेरूनच जुळवायचे, खुब्याजवळ लहानसा छेद घेऊन आधी एक बारीक तार पोकळीत सरकवायची आणि तिच्या आधाराने खिळा ठोकायचा. त्यामुळे भंगाभोवतीचा रक्तपुरवठा शाबूत राहतो आणि जंतूंना वाट मिळत नाही. पेनिसिलिन अजून वापरात आलेले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आग्रहाचे महत्त्व कळते.

कुत्र्यांवरील प्रयोगांनंतर नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनी माणसावर ही शस्त्रक्रिया केली आणि मार्च १९४० मध्ये बर्लिन येथे जर्मन शल्यचिकित्सकांच्या अधिवेशनात ती मांडली. स्वागत थंडे झाले. रक्त निर्माण करणारी मज्जा चिरडून तिच्या जागी धातू बसवणे अनेकांना अघोरी वाटले. मज्जेतील मेद रक्तात मिसळून रुग्ण दगावेल, अशी भीती व्यक्त झाली. ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. मेदामुळे होणारी गुंतागुंत आजही शल्यचिकित्सकांना विचारात घ्यावी लागते. व्हिएन्नाचे विख्यात अस्थिभंगतज्ज्ञ लोरेन्झ बोलर यांनी मात्र पद्धत लवकर स्वीकारली, पण पुढे तिच्या सरसकट वापराविरुद्ध इशाराही दिला.

युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात क्युंचर जर्मन सैन्यात डॉक्टर होते. फिनलंडच्या उत्तरेकडील केमी येथील लष्करी रुग्णालयात असताना फिनिश शल्यचिकित्सकांनी त्यांच्याकडून ही पद्धत उचलली. ब्रिटन-अमेरिकेत मात्र तिची वार्ता वेगळ्याच वाटेने पोहोचली. जर्मनांच्या कैदेतून परतलेल्या काही सैनिकांच्या मांडीत लांबलचक धातूची दांडी आहे, हे क्ष-किरण चित्रात पाहून तेथील डॉक्टर चकित झाले. मार्च १९४५ मध्ये 'टाइम' या अमेरिकी साप्ताहिकानेही त्याची दखल घेतली. रिचर्ड माट्झ यांच्यासह लिहिलेला क्युंचर यांचा या तंत्रावरील ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

उत्तरायुष्य

युद्धानंतर ते श्लेस्विग येथील रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९५७ ते १९६५ या काळात हाम्बुर्गच्या बंदर रुग्णालयाचे संचालक होते. हाडाची पोकळी सर्वत्र सारखी रुंद नसते. मध्यभागी ती अरुंद असते. ती आतून कोरून रुंद केली, तर अधिक जाड खिळा घट्ट बसतो. हे कोरण्याचे तंत्र आणि त्यासाठीची लवचीक हत्यारे यांवर त्यांनी या काळात बरेच काम केले. दरम्यान, पद्धत जगभर पसरली तरी अनेक ठिकाणी भंगाची जागा उघडूनच खिळा घातला जाई, कारण तसे करणे सोपे होते. मूळ तत्त्वच त्यात हरवते, या मतावर क्युंचर ठाम राहिले. बंद पद्धतीची किंमत डॉक्टरांनाही मोजावी लागे. त्या काळच्या पडद्यापुढे काम करताना क्ष-किरण त्यांच्याही अंगावर पडत.

हाड जुळताना तयार होणाऱ्या नव्या अस्थिऊतीवरील त्यांचे पुस्तक १९७० मध्ये आले. साध्या खिळ्याची एक उणीव त्यांना ठाऊक होती: हाडाचा चुरा झाला असेल किंवा भंग टोकाजवळ असेल, तर तुकडे खिळ्याभोवती फिरतात अथवा घसरतात. यासाठी १९६८ मध्ये त्यांनी खिळ्याला आडवे अडकवण्याची योजना मांडली. जर्मनीतील क्लेम व शेलमान आणि स्ट्रासबुर्गचे ग्रोस व केम्फ यांनी ती पुढे नेली. वर-खाली आडवे स्क्रू घातलेला आजचा खिळा त्यातूनच घडला. क्युंचर यांना तो प्रसार पाहता आला नाही. फ्लेन्सबुर्गजवळील ग्ल्युक्सबुर्ग येथे, लेखनाच्या मेजाशीच, त्यांचे निधन झाले.